हवा किती, भोक केवढं

भातसेकाठच्या सापगावात लोखंड सांभाळायचं म्हणजे पावसाशी दरसालचं भांडण. शहापूर तालुक्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी पडतं. खिडक्यांचे गज, फाटकाच्या बिजागऱ्या, सायकली, काहीच गंजातून सुटत नाही. आमच्या पडवीत आजीच्या शिलाई मशीनचा ओतीव स्टँड आहे, वेलबुट्टीची जाळी असलेला. जाळीच्या कोपऱ्यांत वायर ब्रश शिरत नाही आणि ग्राइंडर लावला तर गंजाबरोबर नक्षीही जाते. अशा कामाला सँडब्लास्टिंगच हवं: दाबाच्या हवेबरोबर बारीक खडा फेकायचा, तो आदळून गंज आणि जुना रंग उडवतो.

घरात १ एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर होता. मी खोक्यावरचं चित्र बघून गन आणली. घोडा दाबला, पाऊण मिनिट जोर आला, मग काटा खाली आणि गन नुसती फुसफुसू लागली. दोष गनचा नव्हता, कॉम्प्रेसरचाही नव्हता. जोडी चुकली होती.

ही जोडी जमवताना लोक दाब बघतात. कॉम्प्रेसरवर ८ बार लिहिलंय, गनला साडेपाच पुरतात, म्हणजे झालं! पण दाब म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची समजा. नळ किती वेळ चालेल हे मोटार दर मिनिटाला किती पाणी चढवते त्यावर ठरतं. हवेत हे माप सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. एक घनफूट साधारण २८ लिटर.

पाटीवरचा सीएफएमचा आकडा मात्र बऱ्याचदा पिस्टनच्या पोकळीचा हिशेब असतो. १ एचपीच्या पाटीवर ४ असेल, तर बाहेर पडणारी हवा तीनच्या आसपास निघते. व्होल्टेज पडला की त्याहूनही कमी. म्हणून पाटी वाचण्यापेक्षा मोजावं. टाकीचा बाहेरचा कॉक बंद करा, मशीन चालू करा, काटा ४ बारवर आला की घड्याळ लावा आणि ७ वर थांबवा. ३ बार वाढले आणि टाकी ५० लिटरची, म्हणजे आपल्या रोजच्या मोकळ्या हवेची १५० लिटर आत गेली. याला १०० सेकंद लागले असतील तर मिनिटाला ९० लिटर, म्हणजे ३ सीएफएमला थोडं वर. हा तुमचा खरा आकडा. दुकानात जाताना हाच खिशात ठेवायचा.

आता भोक. गनमध्ये हवा ज्या छिद्रातून सुटते त्यावर सगळा खर्च ठरतो, आणि खर्च व्यासाच्या नव्हे, क्षेत्रफळाच्या हिशेबानं वाढतो. भोक दुप्पट तर हवा चौपट. साडेपाच बारला दीड मिलिमीटरच्या छिद्रातून साडेचार-पाच सीएफएम जाते, दोनच्या छिद्रातून आठेक, तीनच्यातून अठराच्या घरात. कारखान्यातली सहा मिलिमीटरची नोझल सत्तरच्या वर खाते. तिथे ट्रॉलीवरचा डिझेल कॉम्प्रेसर लागतो, घरचा तिला पुरा पडत नाही.

माझी गन १० सीएफएम पीत होती आणि मशीन देत होतं ३. म्हणजे दर मिनिटाला ७ ची तूट टाकीतून. टाकी ८ बारवरून ५ वर उतरेपर्यंत १५० लिटर, म्हणजे सव्वापाच घनफूट, मिळतात. सव्वापाच भागिले सात: पाऊण मिनिट! गणित आधी केलं असतं तर पैसे वाचले असते. तेच दीड मिलिमीटरचं छिद्र घेतलं तर तूट दीडेक सीएफएमचीच राहते आणि तीन-साडेतीन मिनिटं सलग काम होतं. तेवढ्यात हातही दुखायला लागतो आणि मशीनलाही दम हवा असतो. लहान पिस्टनवाल्याला अखंड पळवलं तर डोकं तापतं. अर्धा वेळ काम, अर्धा वेळ विश्रांती हे बरं. दाब साडेपाचवरून चारवर आणला तर खर्च पाचव्या हिश्श्यानं घटतो, काम मात्र मंदावतं.

एक गोम इथे लक्षात ठेवा. खडा स्वतःच ओढून घेणाऱ्या गनमध्ये भोकं दोन असतात: आतलं बारीक हवेचं जेट आणि बाहेरची रुंद नोझल. हवेचा खर्च ठरतो आतल्यावर. दुकानदार बाहेरचा आकडा सांगतो. ‘आतलं जेट किती?’ असं विचारलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं त्याला माल ठाऊक आहे की नाही.

ओढणारी गन जेटच्या झोतामागे तयार होणाऱ्या पोकळीनं बादलीतला खडा वर खेचते. स्वस्त, सुटसुटीत, पण खडा ओढण्यातच जोर जातो. दुसरी जात प्रेशर पॉटची: खड्याची टाकीच दाबाखाली आणि हवा-खडा एकाच होसमधून. त्याच हवेत तीनपट काम होतं. म्हणून कागदावर लहान कॉम्प्रेसरला पॉटच चांगला, पण त्याला बारीक नोझल मिळाली तरच. सोबत येणारी बहुतेक अडीच-तीन मिलिमीटरची असते. आणि जुन्या गॅस सिलिंडरचा पॉट वेल्डिंग करून घ्यायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडावेत. फुटला तर तो बॉम्बच. सुट्या भागांना मी ओढणारी गन आणि हातमोजे बसवलेली बंद पेटी घेईन.

नोझल झिजते हेही धरून चाला. दीडची दोन झाली की खर्च पावणेदोनपट. सिरॅमिक लवकर झिजतं, टंगस्टन कार्बाइड टिकतं.

आपल्याकडचा खरा शत्रू पाणी. आषाढातल्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये पंचवीस-तीस ग्रॅम वाफ असते. ३ सीएफएमचं मशीन तासाला पाच घनमीटर हवा गिळतं आणि दाबाखाली त्यातली बहुतेक वाफ पाणी होते: तासाला अर्धा पेला. ते होसमधून खड्यात गेलं की गोळे होतात, गन तुंबते आणि तुम्ही नोझलला दोष देता. टाकीचा खालचा कॉक रोज सोडा, गनच्या आधी वॉटर सेपरेटर लावा. स्प्रे पेंटिंगची गुंडाळलेली बारीक होस वापरू नका, दाब वाटेतच मरतो; आतून १० मिलिमीटरची घ्या.

नावात सँड आहे म्हणून नदीची वाळू भरायची नाही. बेंजामिन टिल्घमननं १८७० मध्ये पेटंट घेतलं तेव्हा वाळूच होती, पण तिच्यातलं क्वार्ट्झ फुटून जो अतिबारीक धुरळा होतो तो फुप्फुसात कायमचा बसतो. सिलिकोसिस म्हणतात तो हाच आणि तो बरा होत नाही. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात तो नोंदवणं बंधनकारक असलेल्या रोगांत होता. जीन्स विटक्या दिसाव्यात म्हणून वाळू मारणाऱ्या तरुण कामगारांना तो झाला, तेव्हा २००९ मध्ये तुर्कस्ताननं ते कामच बंद केलं. बारीक गार्नेट किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड घ्या, ८० मेशच्या आसपास. जाड खडा लहान भोकात अडकतो. ताडपत्री अंथरली तर खडा गोळा करून, चाळून पुन्हा वापरता येतो. तरीही तोंडाला रुमाल पुरत नाही. घट्ट बसणारा धुळीचा रेस्पिरेटर आणि चेहरा झाकणारं कवच हवंच. आजीच्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून काम चालू असताना पोरंबाळं आणि कोंबड्या लांब.

स्टँड मी दिवाळीनंतर कामाला काढला, कोरड्या दिवसांत. साफ केलेलं लोखंड राखाडी, मखमली दिसतं आणि दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस पडू लागतं. त्यामुळे सकाळी जेवढं ब्लास्ट केलं तेवढ्याला दुपारीच रेड ऑक्साइड, उरलेलं उद्या. चार सकाळी गेल्या. जाळीतल्या पाकळ्यांच्या कडा इतक्या रेखीव आहेत हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.