काच चकचकीत घ्यावी की मॅट?

आमचा पुतण्या नोकरीला लागला आणि 2024 साली पहिल्या वर्षाच्या बचतीतून त्याने ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचे यंत्र घ्यायचे ठरवले. अमेरिकेहून येणारा मित्र ते आणणार होता. म्हणजे न आवडल्यास परत करायची सोय नाही. “काका, काच चकचकीत घेऊ की मॅट?” त्याने विचारले. हिशेब तपासण्यात हयात घालवणाऱ्या आम्हाला खेळातले काय कळणार? परंतु पैसा कष्टाचा होता, म्हणून चौकशी केली. वाचक पालकांनाही ती उपयोगी पडावी.

मूळ गोष्ट साधी आहे. काचेवर पडलेल्या उजेडाचा थोडा भाग परत फिरतो. चकचकीत काच तो आरशासारखा एकाच दिशेने परत पाठवते, म्हणून पडद्यात ट्यूबलाईट आणि आपलाच चेहरा दिसतो. मॅट काचेचा पृष्ठभाग अतिशय बारीक खरबरीत केलेला असतो. तो उजेड सगळीकडे विखुरतो. ट्यूबलाईटची रेघ जाते, पण तिच्या जागी फिकट धुके पसरते. काळा रंग राखाडी वाटतो, बारीक अक्षरांची धार किंचित बोथट होते. उजेड नाहीसा होत नाही, हे ध्यानात ठेवावे. भर उन्हात दोन्ही काचा हात टेकतात.

गंमत अशी की 1989 सालच्या ‘गेम बॉय’ला स्वतःचा दिवाच नव्हता, मुले उजेड शोधत खेळत. 2003 सालच्या ‘गेम बॉय अॅडव्हान्स एसपी’मध्ये दिवा आला. आता उजेड टाळायची वेळ आली आहे!

आता व्यवहार पाहू. नोव्हेंबर 2023 मध्ये ‘स्टीम डेक ओलेड’ आले, तेव्हा 512 जीबीचे चकचकीत काचेचे यंत्र 549 डॉलरला आणि 1 टीबीचे मॅट काचेचे 649 डॉलरला होते. फरक 100 डॉलरचा, म्हणजे आठ हजारांवर रुपयांचा. त्यात साठवणुकीची जागाही वाढते, हे खरे. पण जागा पुढे मेमरी कार्डाने वाढवता येते. चकचकीत काचेवर स्वस्तातली मॅट फिल्मही लावता येते. उलट मॅट काचेवर चकचकीत फिल्म चिकटवली, तर ज्यासाठी जादा पैसे मोजले तो गुणच झाकला जातो.

आम्ही पुतण्याला एक परीक्षा सांगितली. बंद मोबाईल घेऊन रोजच्या खेळायच्या जागी, रोजच्या वेळी बसायचे. काळ्या काचेत काय दिसते ते पाहायचे. खिडकी किंवा दिवा ठळक दिसला, तर आधी बसायची बाजू बदलून पाहायची. तरीही हटला नाही, किंवा लोकल-एसटीतच खेळणे होत असेल, तर मॅट घ्यावी.

तो रात्री जेवणानंतर पोटमाळ्यावर, दिवा मालवून खेळणारा. काचेत काहीच दिसले नाही. त्याने चकचकीत काच घेतली आणि वाचलेल्या पैशांतून धाकट्या बहिणीची परीक्षा फी भरली. खेळ जरूर खेळावा. मात्र खर्च दुकानातल्या झगमगाटावरून नव्हे, आपल्या घरातल्या उजेडावरून ठरवावा.