बेसिनमध्ये पडलेला निळा उजेड

कॅल्शियम म्हटलं की तुला दूध आणि दात आठवतात, होय ना? आज त्याची डोक्यातली कामगिरी ऐक.

१९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा नावाचा जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्रायडे हार्बरला, जाळी घेऊन जेलीफिश धरत होता. हजारोंनी धरले. त्यांच्या छत्रीच्या कडेला चमकणारा पदार्थ त्याला वेगळा काढायचा होता, पण काही केल्या जमेना. एकदा त्याने अर्क बेसिनमध्ये ओतला, आणि बेसिन निळ्या प्रकाशाने लखकन उजळलं! तिथे समुद्राचं पाणी वाहून येत होतं. त्या पाण्यातल्या कॅल्शियमनेच दिवा पेटवला होता. पदार्थाचं नाव पडलं एक्वोरिन.

“आजोबा, पण यात डोकं कुठे आलं?”

येतंय, दम धर. मेंदूतली चेतापेशी कॅल्शियमच्या बाबतीत महाकडक. बाहेर जेवढं असतं, त्याच्या साधारण दहा हजारावा भागच ती आत ठेवते. आत शिरलेलं सारखं उपसून काढते, आणि त्यापायी बरीच ऊर्जा खर्चते. का? एक तर पेशीत फॉस्फेट भरपूर, कॅल्शियम वाढलं तर दोघांचा साका बसायचा. शिवाय सामसूम घरात टाचणी पडली तरी कळते. आत एरवी जवळजवळ काहीच नाही, म्हणून जरासं कॅल्शियम आलं तरी पेशीला ती खबर असते.

आता बघ. विजेची लाट चेतातंतूच्या टोकाला पोचली की तिथली बारीक दारं उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं. रसायनाने भरलेल्या इवल्या पिशव्या आतून भिंतीला लागून तयारच असतात. कॅल्शियम भेटलं की त्या भिंतीशी एकजीव होऊन बाहेर मोकळ्या होतात, आणि रसायन फटीपलीकडच्या पेशीला जाऊन भिडतं. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागात! तू ‘आजोबा’ म्हणालीस तेवढ्यात तुझ्या डोक्यात हे किती वेळा झालं, कोण मोजणार?

हे दिसलं कसं? १९७० च्या दशकात म्हाकुळाच्या जाडजूड चेतापेशीत एक्वोरिन टोचलं, तर संदेश आला की टोक चमकायचं. त्याच जेलीफिशमध्ये शिमोमुराला एक हिरवं प्रथिनही सापडलं होतं. पुढे त्यात फेरफार करून कॅल्शियम वाढलं की उजळणारं प्रथिन बनवलं गेलं. २०१३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लाच्या मेंदूत घातलं आणि त्याच्यासमोर पॅरामिशियम नावाचा एकपेशी जीव सोडला. तो डावी-उजवीकडे पोहला तसा पिल्लाच्या मेंदूतला उजळलेला ठिपकाही सरकत गेला. आणि गंमत म्हणजे, पॅरामिशियम जागचा हलला नाही, तर तो ठिपका उमटेचना.