घरच्या पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड मी बनवलं तर?

मी सुरुवात मेमरीपासून करीन. ८ जीबी की १२, हे कंपनी मनात येईल तसं ठरवत नाही. मेमरीच्या प्रत्येक चिपला ३२ बिटचा रस्ता लागतो. आरटीएक्स ४०६० ची बस १२८ बिटची, म्हणजे चार चिप, प्रत्येकी २ जीबी, झाले ८. त्याआधीच्या ३०६० च्या १२ जीबीवाल्या कार्डात बस १९२ बिटची, म्हणून सहा चिप.

४०६० जास्त फास्ट आहे, मान्य! पण गेमचे टेक्श्चर ८ जीबीत मावले नाहीत, की ते पीसीच्या रॅममधून आणावे लागतात आणि गेम अडखळतो. बरं, कार्डाची मेमरी सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे माझ्या कार्डात १९२ बिट, १२ जीबी. हे ठरलं.

वीज मात्र ४०६० सारखी हवी. ते ११५ वॉटवर चालतं, ३०६० ला १७० लागायचे. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉटच देतो, वरचे एसएमपीएसच्या वेगळ्या वायरीतून. मी १५० च्या आत थांबेन, म्हणजे एकच ८-पिन वायर पुरेल आणि नवा एसएमपीएस घ्यायचा खर्च बहुधा वाचेल.

आरजीबी लाइट? अजिबात नाही. ते पैसे मेमरीत घालू.