लेप्टो: मुंबईचा आणि कॅलिफोर्नियाचा

२६ जुलै २००५च्या पुरानंतर ‘लेप्टो’ हा शब्द मुंबईत घरोघरी पोचला. उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या मूत्रातून पसरणारा हाच रोग कॅलिफोर्नियाच्या समुद्रसिंहांची मूत्रपिंडे निकामी करतो. एरवी पाणी न पिणारा हा प्राणी मग पाणी शोधतो, पुढचे पर पोटावर दुमडून वाळूत पडून राहतो. सॉसालिटोचे मरीन मॅमल सेंटर अशा प्राण्यांवर उपचार करते आणि साथीवर नजर ठेवते. तसा दिसला तर कुत्र्याला दूर ठेवा, सेंटरला कळवा.

आणि पावसाळ्यात गावी साचलेल्या पाण्यातून चाललात, नि परतल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर डॉक्टरांना त्या पाण्याबद्दल आवर्जून सांगा. इथल्या डॉक्टरांच्या मनात आधी फ्लूच येणार. मुलांनाही हे सांगून ठेवा. आजोळच्या डबक्यांत तीच जास्त खेळतात.