बोंबलावर शंका घेण्याआधी एवढं वाचा



चलथाणला समुद्र नाही. आपल्या टोपलीतला बोंबील-बांगडा किनाऱ्यावरून येतो, रोहू-कटला उकईकडून. म्हणजे मासा प्रवास करूनच पोचतो. म्हणून गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, फॉर्मेलिन तर नाही ना?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र आपल्याला नीट देता आलं पाहिजे.

२०१८ चा जून-जुलै आठवा. केरळात फॉर्मेलिन मारलेला हजारो किलो मासा पकडला गेला. पाठोपाठ गोव्यात मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीवरून गदारोळ झाला आणि बाहेरून येणारी मासळी सरकारने काही दिवस बंद केली. अशा वेळी कोणी एक जण लबाडी करतो, पण टोपली घेऊन बसलेल्या मावशीचाही धंदा बसतो.

कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून याच कामात आहे. गुजरातेत वेरावळलाही तिचं केंद्र आहे. या संस्थेने फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखायच्या कागदी पट्ट्या तयार केल्या. पट्टी माशावर घासायची, वर औषधाचा थेंब टाकायचा, रंग बदलतो का बघायचं. काही मिनिटांचं काम.

पण बोंबलाच्या बाबतीत सांभाळून! बोंबलाच्या अंगात मुळातच असा एक पदार्थ असतो, की मासा साठवला की त्यातून थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होतं. कोणी काही मारलेलं नसतानाही पट्टी रंगू शकते. म्हणून पट्टी रंगली म्हणजे चोर सापडला, असं नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते.

आता बांगड्याचं ऐका. बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. लोकांना वाटतं मासा बाधला. हिस्टामिन तळून, उकळून जात नाही आणि दर वेळी वासही येत नाही. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. एकदा तयार झालं की काढता येत नाही, ते होऊच न देणं एवढंच हातात आहे. त्यावर उपाय म्हणजे पकडल्यापासून बर्फ.

तेव्हा आम्ही आपल्या माणसांना सांगतो ते असं:

• एक किलो माशाला एक किलो बर्फ. खाली, मध्ये आणि वर, असे थर द्या.
• वितळलेलं पाणी पेटीत साचू देऊ नका, खालून निघून जाऊ द्या.
• बर्फ पिण्याच्या पाण्याचाच घ्या. घाण पाण्याच्या बर्फात जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आहे. असा बर्फ माशाला लावू नका.
• पाटी, सुरी, फळी रोज धुऊन वाळवा.

बर्फाला पैसे जातात, हे आम्हालाही कळतं. पण बर्फात वाचवलेले पैसे संध्याकाळी उरलेल्या मालात जातात, आणि तुटलेलं गिऱ्हाईक तर परत येतच नाही. पुढच्या वेळी कोणी फॉर्मेलिनचं विचारलं तर चिडू नका. पेटी उघडा, बर्फ दाखवा.