तीन वर्षांच्या रविवारांचा गुणाकार

जुन्या घरांतून मुलांकडून पावकी, निमकी, दिडकी पाठ करवून घेत आणि एकं, दहं, शतं करीत त्यांना परार्धापर्यंत नेऊन सोडीत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आज वाचकांना जिची ओळख करून द्यावीशी वाटते, ती संख्या सुमारे पावणेपंधराशे परार्धांची आहे : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. दोन हा अंक सदुसष्ट वेळा मांडून सर्वांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा, की ती हाती येते.

मेर्सेन या फ्रेंच साधूने १६४४ साली अशा घडणीच्या मूळ संख्यांची यादी दिली. मूळ संख्या म्हणजे जिला एक व ती स्वतः यांवाचून कोणाचाही भाग जात नाही अशी. आपली संख्या त्या यादीत होती. पुरावा मात्र नव्हता. १८७६ साली एदुआर ल्यूका याने ती मूळ नाही असे दाखविले. पण गंमत पाहा : तिचे भाजक कोणते, हे त्याच्या रीतीने कळत नव्हते. घरात चोर शिरला आहे हे नक्की. तो कोण, हे ठाऊक नाही!

ऑक्टोबर १९०३मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उठले. सांगतात ते असे की, ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्यावर त्यांनी सदुसष्टाचा हिशेब मांडला, शेजारी १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे एकच आली आणि टाळ्या पडल्या. किती वेळ लागला, असे विचारता ‘तीन वर्षांचे रविवार’ असे ते म्हणाल्याची आठवण सांगितली जाते.

भाजक असेल तो १३४च्या पटीहून एकाने अधिकच असला पाहिजे, हा नियम आहे; पण लहान भाजक त्या पटींत १४,४५,५८०वा! एकेक पट तपासीत जाणाऱ्याचे काय व्हावे?

मी नवांचा ताळा घेऊन पाहिला. दोन्ही भाजकांचा १ येतो, मोठ्या संख्येचाही १. पण दोन अंक उलटसुलट पडले तरी ताळा जमतोच. म्हणून सबंध गुणाकार मांडला. शून्याची ओळ सोडली तर ओळी आठच. शोधायला वर्षे, पडताळायला एक बैठक! शेकडो अंकी संख्यांच्या बाबतीत संगणकालाही हीच अडचण येते आणि तिच्याच आधारावर गुप्त संदेशांची कुलुपे घडविली गेली.

मेर्सेनच्या यादीवर विश्वास ठेवावा लागत होता. कोल यांच्या गुणाकारावर ठेवावा लागत नाही. घरातल्या शाळकरी नातवाला कागद-पेन्सिल द्यावी. तो आपला आपणच पाहून घेईल.