आठवण टिकते कशी?

बालपणी पाठ केलेला पाढा म्हातारपणीही अचूक जिभेवर येतो. परंतु मेंदूतील पेशी ज्या प्रथिनांच्या बनलेल्या असतात, त्यांपैकी बहुतेकांचे आयुष्य काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंतच असते. मग अशा नाशवंत द्रव्यावर कोरलेली आठवण जन्मभर टिकते कशी?

या कोड्याचा एक महत्त्वाचा धागा नॉर्वेतील ऑस्लो येथे हाती लागला. टिम ब्लिस व तेर्ये लोमो यांनी भूल दिलेल्या सशाच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नामक भागात, विजेचे जलद स्पंद सोडले. तेव्हा मज्जापेशींमधील सांधे, म्हणजे सिनॅप्स, अधिक बळकट झाले आणि तासन्‌तास तसेच राहिले. हा शोध १९७३ साली प्रसिद्ध झाला.

सांधा बळकट होतो तो असा. एक पेशी ग्लुटामेट नावाचे द्रव्य सोडते. पलीकडच्या पेशीला ते टिपणारी दोन प्रकारची दारे असतात. 'ॲम्पा' हे नित्याचे दार. 'एनएमडीए' या दुसऱ्या दारात मात्र मॅग्नेशियमचा बोळा बसलेला असतो. ग्लुटामेट पोहोचले आणि त्याच वेळी ती पेशीही पुरेशी उत्तेजित झाली, तरच तो बोळा निघतो. त्या वाटेने कॅल्शियम आत शिरते, 'कॅमके-२' हे विकर जागे होते आणि सांध्यावर ॲम्पाची आणखी दारे बसविली जातात. पुढचा संदेश मग अधिक जोराने पोहोचतो.

हे बळ काही तासांत ओसरते. ते टिकावयाचे तर नवी प्रथिने घडावी लागतात. पण तीही नाशवंतच! कौलारू घराची फुटकी कौले एकेक करून बदलली, तर कालांतराने मूळ कौल एकही उरत नाही. छप्पर मात्र कायम राहते. रेणूंचेही असेच होत असावे, अशी कल्पना फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ साली मांडली.

पण नवे कौल नेमके कोठे बसवावयाचे, हे पेशीला कसे कळते? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांनी एक उत्तर सुचविले. 'किब्रा' हे प्रथिन बळकट सांध्यावर खुणेसारखे राहते व 'पीकेएम-झीटा' या विकराला तेथे धरून ठेवते. ही जोडी औषधाने तोडताच जुनी आठवण पुसली गेली. मात्र पीकेएम-झीटावाचूनही उंदीर शिकतात, असे २०१३ साली दिसले होते. त्यामुळे वाद पुरता मिटलेला नाही.

अल्झायमर रोगात हेच सांधे ढासळतात आणि पोटच्या मुलाचे नावही आठवेनासे होते. म्हणूनच या सूक्ष्म डागडुजीचे रहस्य उलगडणे अगत्याचे आहे.